बाराव्याच्या भाकऱ्या

१४ एप्रिल

ही डायरी बँकेची, दोन वर्षांपूर्वीची. निधीने कपाटातून काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, यात आजीबद्दल लिहायचं. वर्षश्राद्धाला आपण एक छोटं पुस्तक काढतोय. तुम्ही लिहायचं, मी टाइप करणार. डन." माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. ऑफिसात लोकांना कामं वाटून देण्याचा तिला पगार मिळतो. घरी ते काम ती फुकट करते.

डायरीतले वार यंदा जुळत नाहीत. चौतीस वर्षं नगरपालिकेत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला चुकीचा वार बघवत नाही. डिसेंबरपर्यंतचे सगळे वार खोडले. त्यात सकाळ गेली, लिहायचं राहिलं.

१५ एप्रिल

कै. धोंडूबाई. जन्म : अंदाजे १९३२, कागद नाही. विवाह : खाडीचा बांध फुटला त्याच्या बरंच आधी. अपत्ये : दोन. थोरला जयराम (म्हणजे मी), धाकटा दिनानाथ. मृत्यू : ६ जानेवारी, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर.

निधीने वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, हा दाखला झाला. आजी कुठेय यात?" मीरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा पिऊन झाल्यावर, तेवढं बरं जमलंय." बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक तिने पहिल्यांदा केलं.

१९ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी रिक्षाने गावच्या घरी जाऊन आलो. रोज जातो, पाण्याची मोटर नीट चालते का बघायला. मीरा म्हणते, मोटर दिनानाथ बघतो, तो तिथेच राहतो. तरी थोरल्याने लक्ष ठेवलेलं बरं. मोटर बघून आईच्या पाटावर अर्धा तास बसलो. गुडघे दुखतात म्हणून.

२ मे

या पानाला पिना मारणार आहे. निधीने हे वाचता कामा नये.

आज मोटर बघून झाल्यावर दिनानाथने चहा दिला आणि म्हणाला, "दादा, यंदा आयचं खाचर मी स्वतः पेरनार. सगळ्यांना बोलावू. तिचंच लाल भात, तिच्याच बियान्याचं. माळ्यावरचं मडकं तेवढं काढून दे तू मला. थोरला हायस."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं येतं, नोकरीत त्यावरच दिवस काढले. पण चहा अर्धाच टाकून निघालो.

खुलासा असा. आमची जमीन खाडीकाठची. बाकी सगळी टॉवरांखाली गेली, त्यातल्याच एका टॉवरात चौदाव्या मजल्यावर मी राहतो. उरलं ते बांधालगतचं एक खाचर. तिथे खारं पाणी चढतं, दुकानातलं बियाणं तिथे टिकत नाही. टिकतं फक्त आईचं लाल भात. दर वर्षी कापणी झाली की ती त्यातलं बियाण्यापुरतं बाजूला काढायची, राख मिसळून मडक्यात भरायची, मडकं माळ्यावर चढवायची. शेवटच्या कापणीलाही ती बांधावर खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येकाचा विळा चुकीचा चालतोय असं सांगत होती.

आणि ते मडकं मी दळून आणलं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी पीठ कमी पडणार असं दिसलं. घरातले सगळे रडण्यात गुंतले होते, कोणीतरी काम करायला हवं होतं. माळ्यावर मडकं सापडलं. तोंडावर लाल चौकडीचं फडकं घट्ट बांधलेलं, आत चार पायली भात. आईने लाल चौकडी कधी नेसली नाही, ती हिरव्याची माणूस, तेव्हा वाटलं की जुनंपानं काहीतरी पडून राहिलंय. वर चिठ्ठी नाही, नंबर नाही, तारीख नाही. ज्या वस्तूवर काही लिहिलेलं नाही ती कामाची नाही, हा माझा नोकरीतला नियम. गिरणीत नेऊन भरडलं, दळलं, पीठ बायकांपुढे ठेवलं. केवढा अभिमान वाटला होता मला त्या संध्याकाळी.

भाकऱ्या गुलाबीसर झाल्या. पंगतीत सगळ्यांनी वाखाणल्या. आईची मैत्रीण कॅथरिनमावशी रुळांच्या पश्चिमेकडून आली होती. तिने पहिला घास खाऊन विचारलं, "जयू, ह्या भाकरीचं भात कुठलं रं?" मी म्हणालो, "घरचंच, मावशी." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. या वयात तीन! मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

तर आईचं बियाणं दोनशे माणसांच्या पोटात गेलं आहे. पाऊस पडून खाचरातला खार धुतला गेला की बियाणं भिजवून, मोड आणून फेकायचं असतं. म्हणजे माझ्याकडे महिना-सव्वा महिना आहे.

३ मे

योजना ठरली. आई आल्यागेल्याला ओंजळभर भात दिल्याशिवाय सोडत नसे. म्हणजे कुणाकडे तरी ते बियाणं असणारच. तिथून गुपचूप आणायचं, मडक्यात भरायचं, मडकं माळ्यावर ठेवायचं. कुणाला संशय येऊ नये म्हणून सांगायचं की पुस्तकासाठी आठवणी गोळा करतोय.

मीराला तसं सांगितलं. ती म्हणाली, "छान. मग आधी कॅथरिनमावशींकडे जा."

तिथे शेवटी जाईन. ती एकदा बसवते ते दोन तास उठू देत नाही आणि मी पाच वर्षांचा असताना मिठागराच्या खड्ड्यात कसा पडलो ते प्रत्येक वेळी नव्याने सांगते.

९ मे

आगाशी. यमुनामावशी, आईची धाकटी बहीण. वाडीत केळी, अंगणात कोंबड्या, ओटीवर मावशी. मी वही काढून पेन उघडलं, म्हणजे संशय नको.

मावशी म्हणाली, "तुझी आय माझ्यापेक्षा धा वर्सांनी मोठी. मला कडेवर घेऊन फिरायची. पन वय विचारलं की दर खेपेला वरीस-दोन वरीस खाली उतरायची. मागल्या सालच्या लग्नात तिनं सगळ्यांना सांगितलं, ही यमुना, माझी थोरली बहीन. आनि लोकं माझ्या पाया पडली ना रं!"

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलनार? मला पाकिटं मिळाली."

हसता हसता तिने डोळे पुसले. मी जरा थांबून सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, आईने दिलेलं लाल भात आहे का काही. होतं म्हणे, पाच वर्षांपूर्वीचं. "पन आमच्या हितं गोडं पानी. तुमचं खारं भात मी केळीत लावू? कोंबड्यांना घातलं. अंडी मातर चांगली दिली त्यांनी."

निघताना तिने वाडीतल्या केळ्यांची सुकेळी बांधून दिली. पुस्तकासाठी एक मजकूर मिळाला, बियाण्याच्या बाबतीत शून्य. गाडी पकडायच्या गडबडीत मावशीच्या पाया पडायचं राहिलं होतं, म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलो. ती म्हणाली, "थोरली म्हनून पडतोस की धाकटी म्हनून?"

१० मे

स्टेशनजवळच्या बियाण्यांच्या दुकानात गेलो. चार पाकिटं पुढे आली, चारही पांढऱ्या भाताची. खाऱ्या पाण्यातलं लाल भात मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, ते तुमच्याच गावात मिळेल." आभार मानून निघालो.

दोन तारखेच्या पानाच्या पिना जरा वाकड्या दिसतात. मारताना माझाच हात हलला असावा.

१६ मे

पाचूबंदर. मर्सीकडे आई चाळीस वर्षं सुकी मासळी घ्यायला जात असे. मर्सी आता साठीची आहे, आवाज मात्र लिलावाचा.

आठवण विचारताच तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझा नवरा गेला त्या वर्सी मी पहिल्यांदा लिलावाला उभी राहिले. व्यापारी काय करत, बाईमानूस बघून भाव पाडत. तुझी आय बोंबील घ्यायला आलेली. तिनं बघितलं आनि मधी घुसली. बोली लावाय लागली! तिच्या पिशवीत यायचं-जायचं भाडं, आनि ही आख्ख्या पाटीवर बोली बोलते. व्यापारी चढला, ही चढली. तो आनखी चढला. मंग ही गप. त्याच्याच गळ्यात मारलं."

"आणि व्यापारी थांबला असता तर?"

"मी तेच विचारलं. तं बोलली, मंग तुझ्या दारात बसून खाल्ले असते सगळे."

मला एवढं हसू आलं की वहीत लिहायचंच राहिलं, हे आता घरी लिहितोय. चौतीस वर्षं मी वरच्याला कधी उलट बोललो नाही. आई कुणाच्याही लिलावात घुसत होती.

बियाण्याचं विचारलं. मर्सी म्हणाली, "तांदूळ द्यायची ना ती, लाल, दर दिवाळीला." तांदूळ. सडलेले. त्याला काय मोड येणार. मग मर्सी म्हणाली, "कॅथरिनला भेटलास काय?"

सगळ्यांना मला कॅथरिनमावशीकडे पाठवायची एवढी घाई का आहे, समजत नाही.

मर्सीने दोन किलो सुके बोंबील दिले. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी आठव्याऐवजी तिसऱ्या मजल्यावरच उतरून घेतलं.

२२ मे

निधीने आज विचारलं, "पप्पा, आजीचं लिफ्टचं लिहिलंत का?" नव्हतं लिहिलं.

आई इथे फार राहायला यायची नाही. आली की लिफ्टमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला "कोणाकडं?" विचारायची आणि उतरणाऱ्याला "हळू जा" सांगायची. पहिल्या दिवशी तिने घर बघितलं, फरशीला नाव ठेवलं, आणि मागच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. तिथून खाडी दिसते, बांध दिसतो, आणि दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून तिचं खाचर दिसतं. मग काय, तिने खिडकीत स्टूलच टाकलं. सकाळी सात वाजता दिनानाथला फोन. "दिना, बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय, वरच्या अंगाला. आनि ती म्हस कोनाची? हाकल तिला." दिनानाथ शेतात इकडे तिकडे बघायचा. त्याला वाटायचं आई कुठेतरी झाडामागे उभी आहे.

मी आज त्या खिडकीत उभा राहिलो. खाचर कोरडं पडलंय, भेगा दिसतात. स्टूल अजून तिथेच आहे, कोणी उचललं नाही. मला तिची फार आठवण आली. पुस्तकासाठी नाही, अशीच.

२९ मे

हे पानही पिना मारण्याचं.

शेवटी वाईट बुद्धी झाली. दुकानातलं एक पाकीट आणलं. पांढरं तर पांढरं, सालासकट सगळं भात सारखंच दिसतं. गावच्या घरून रिकामं मडकं पिशवीत घालून घरी आणलं, त्यात भरलं, राख मिसळली. दिनानाथ पेरील, खारं पाणी चढेल, भात जळेल, आणि सगळे म्हणतील की आई गेली, तिच्याबरोबर तिचं भातही गेलं. लोकांना अशी गोष्ट आवडते. माझं नाव कुठेच येणार नाही.

आता तोंडाला फडकं बांधायचं राहिलं. ते लाल चौकडीचं मी बाराव्याला स्वयंपाकघरात टाकलं होतं. मीराला विचारलं. म्हटलं, पुसायला हवंय.

मीरा म्हणाली, "ते मी धुऊन, घडी करून ठेवलंय. ज्याचं त्याला परत द्यायला."

"ज्याचं म्हणजे कुणाचं?"

तिने मडक्याकडे बघितलं, माझ्या राखेच्या हातांकडे बघितलं. "तुम्ही वसईत जन्मलात आणि मी दापोलीहून आले. लाल चौकडी कोण नेसतं हे मी तुम्हाला सांगायचं?" घडी माझ्या हातात दिली आणि कुकर लावायला गेली.

लाल चौकडीचं लुगडं इकडच्या ख्रिस्ती बायका नेसतात, कॅथरिनमावशी तर अजूनही. मग मडकं उपडं केलं. पांढरं भात पाखरांना खिडकीत घातलं. राखेसकट घातल्याने खालच्या बाल्कनीतून तक्रार आली.

३ जून

कॅथरिनमावशीकडे गेलो होतो. हे सगळं आजच लिहून काढतो, नाहीतर माझ्या हातून नीटनेटकं होऊन जाईल.

तिचं घर रुळांच्या पश्चिमेला, गावात. दारात क्रूस, त्याला झेंडूची माळ. मावशी अठ्ठ्याऐंशीची, अजून लाल चौकडीचं लुगडं. घरात एकटीच, मुलगा ॲल्रॉय मस्कतला असतो. मला बघून म्हणाली, "आलास एकदाचा. बस."

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशी, जरा घाईत आहे. पुस्तकासाठी..."

"बस बोलते ना."

बसलो. तिने ताट वाढलं. लाल भात, सुक्या बोंबलाचं कालवण, लोणचं. मिठागराच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. आईने मला केसांना धरून कसं वर काढलं, आधी कानफटात कशी मारली आणि मग पोटाशी कसं धरलं. कानफटातला भाग मी आजवर लोकांना सांगितला नव्हता. मग मी फडक्याची घडी तिच्यापुढे ठेवली.

"हे तुझं?"

"माझ्या लुगड्याचा पदर हाय तो. माझ्या मडक्यावरचा."

"मडकं तर आमच्या माळ्यावर होतं."

"मंग? माझं मडकं तुमच्याच माळ्यावर असतं."

आणि मग तिने सांगितलं. मी सहा-सात वर्षांचा असताना बांध फुटला, खारं पाणी आमच्या घरात शिरलं, बियाणं नासलं. रुळांच्या या बाजूला पाणी आलं नव्हतं. कॅथरिनमावशी तेव्हा सासूच्या हाताखाली नांदत होती. तिने सासूला विचारून आपल्या बियाण्यातलं अर्धं आईला दिलं. दुसऱ्या वर्षी आई ते परत करायला आली, तेव्हा दोघींनी ठरवलं. आईचं बियाणं कॅथरिनमावशीकडे राहणार, कॅथरिनमावशीचं आईकडे.

"एक घर बुडलं तं दुसरं हाय. आनि आपलं बियानं आपल्याच घरात असलं ना, तं तंगीच्या दिवसांत हात जातो. पोरं उपाशी दिसली की कोन थांबतं? दुसऱ्याचं असलं की मानूस हात लावत नाय." ती माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "एक साल तुमच्या घरात काय नव्हतं. तुझी आय तुम्हाला कांजी पाजायची, आनि माळ्यावर माझं भरलेलं मडकं. छपन्न वर्सं, जयू. एकदाबी हात नाय लावला."

"आणि मी?"

"तू बारा दिवसांत दळलंस."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या घासाला. माझ्या घरचं भात मला नाय कळनार?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"पंगतीत? तुझी आय गेली होती रं. आनि भाकऱ्या चांगल्या झालत्या. बोलले, चला, धोंडूच्या बाराव्याला आपलं भात कामाला आलं." मग आवाज चढवून म्हणाली, "पन तू यावंस ना! जानेवारीपासून वाट बघते. तुझी बायको दोनदा येऊन बसून गेली. तुझ्या आयला मी लावलेला निरोप चार दिवसांत पोचायचा, तुला पाच महिने!"

ती आत गेली आणि मडकं घेऊन आली. तोंडाला हिरव्या लुगड्याचा काठ बांधलेला. गाठ आईची होती. आईची गाठ मला कुठेही ओळखता येते, शाळेच्या डब्याला तीच असायची आणि मला ती कधी सुटायची नाही.

कॅथरिनमावशी म्हणाली, "दिवाळीनंतर आनून दिलं तिनं. दम लागला होता, हितंच बसली. जाताना बोलली, यंदा बियानं मागाय मी नाय यायची कदाचित. माझा जयू येईल. घाईत असेल. त्याला बसव, जेवाय घाल, मंग दे."

"दिनानाथ येईल, असं म्हणाली असेल. शेती तो बघतो."

"जयू बोलली. मी इचारलं, धाकटा नाय काय? तं बोलली, दिनाला मी शेतात रोज भेटेन. जयूला कुठं भेटू?"

मी जेवत होतो आणि मला रडू आलं. तोंडात घास, नाक वाहतंय, त्रेसष्ट वर्षांचा माणूस. म्हटलं, कालवण तिखट झालंय.

मावशी म्हणाली, "तिखट मी घातलंच नाय. पोट बिघडलंय माझं." आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग आम्ही दोघांनी जमिनीवर चादर पसरून मडकं ओतलं आणि भाताचे दोन वाटे केले. एक तिच्या शेताला, एक आईच्या खाचराला. ओंजळीने मोजलं, एक तुझी, एक माझी. माझी ओंजळ मोठी भरते म्हणून तिने दोनदा परत करायला लावली.

१५ जून

आज आईचं खाचर पेरलं. भात तीन दिवस भिजवलं, गोणपाटात दाबून ठेवलं, मोड आले. दिनानाथने चिखलात कसं फेकायचं ते दाखवलं. माझं सगळं एकाच जागी पडत होतं. निधी मोबाइलवर शूटिंग करत ओरडली, "पप्पा, फाइल फेकल्यासारखं नका फेकू!"

पेरून झाल्यावर बांधावर बसून दिनानाथला सगळं सांगून टाकलं. दळण, पाकीट, राख. तो ऐकून घेत होता, चेहरा अगदी गंभीर. मग एकदम फुटला आणि हसून हसून चिखलात बसला. गिरणीवाल्याने त्याला त्याच संध्याकाळी फोन केला होता म्हणे. "तुमचा दादा बियानं दळतोय, दळू काय?" हा माझ्या मागे निघालाच होता, तोवर माझा चेहरा बघून थांबला.

"कसला चेहरा?"

"आय गेल्यापासून तू पहिल्यांदा हसत होतास, दादा. बोललो, जाऊ दे."

"मग मडकं काढून दे म्हणून मला का सांगितलंस?"

"ती आयडिया वैनीची. तू नुसता घरी बसून वार खोडत होतास."

मीरा लांब बांधावर पाण्याच्या बाटल्या मोजत होती. तिने वर बघितलंच नाही.

२३ नोव्हेंबर

मधल्या महिन्यांत डायरी राहिली. कारण सकाळी सातला मला खिडकीत असावं लागतं. सप्टेंबरात बांधाला वरच्या अंगाला भोक पडलं होतं, ते दिनानाथच्या आधी मला दिसलं. फोन केला तर तो म्हणाला, "हो आय."

भात उभं राहिलं. खारं पाणी दोनदा चढलं, तरी उभं राहिलं. गेल्या आठवड्यात कापणी झाली. पुस्तकही छापायला गेलं. पिनांच्या पानांसकट. निधी म्हणते, त्या पिनांचा तसाही कुणाला त्रास झाला नव्हता.

आज आमचं मडकं घेऊन कॅथरिनमावशीकडे गेलो. काठ बांधायला आईचं हिरवं लुगडं मीराने फाडून दिलं, गाठ मी मारली. मावशीने ती ओढून बघितली आणि म्हणाली, "सुटेल. पन चालेल." मग तिने तिचं लाल चौकडीचं मडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हणालो, "दिनानाथकडे ठेवू ना? गावच्या माळ्यावर, नेहमीच्या जागी?"

"नाय. तुझ्याकडं."

"मावशी, मी दळलं होतं."

"म्हनून तं तुझ्याकडं. तू आता परत दळशील काय?"

रिक्षात बसेपर्यंत ती सोबत आली. रिक्षाची दांडी धरून म्हणाली, "ॲल्रॉयला ह्यातलं काय म्हाईत नाय. मी गेले की तो दोन दिवस येईल नि पळेल. पन कदीतरी इचारत येईल तुझ्याकडं. घाईतला हाय तोबी."

मडकं आता आमच्या बेडरूममध्ये आहे, आईच्या स्टुलाखाली. मी त्यावर कागद चिकटवला : "मालक : कॅथरिनमावशी. दळू नये." खाली मीराने पेन्सिलीने लिहिलं : "विशेषतः जयरामने."

पुस्तक छापायला गेलंय, तरी निधीने पुढचंही टाइप करावं, निदान घरात कुठेतरी राहू दे. मी नसलो तर मीराने बघायचं, मीरा नसली तर निधीने. ॲल्रॉय आला की आधी त्याला बसवायचं, जेवायला घालायचं, आणि मग मडकं द्यायचं. त्याला कितीही घाई असली तरी.